विश्लेषण : गोठलेल्या समुद्राखाली एवढा गोंगाट कसला?

ध्रुवीय समुद्रात पाण्याखाली टिपलेले आवाज अंधाऱ्या दालनात चहूबाजूंनी ऐकवण्याची कला गेल्या काही वर्षांत जगभर रुजली आहे. हे आवाज येतात कुठून, ते टिपतात कसे, त्यात खरे किती आणि कलावंताचा हात किती? आणि पलूस तालुक्याचा या सगळ्याशी संबंध काय?

औदुंबरच्या किंवा भिलवडीच्या घाटावर पोहायला शिकलेल्या पिढीला एक खेळ आठवत असेल. एकाने पाण्यात बुडी मारायची आणि दुसऱ्याने लांब जाऊन पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटायचे. काठावरच्या माणसाला काहीच ऐकू येत नाही, पण बुडी मारलेल्याच्या थेट कवटीत ‘टक्’ वाजते. आवाज जवळचा वाटतो, पण आला कुठून हे काही केल्या सांगता येत नाही. (कृष्णेत आता मगरींचा वावर आहे. त्यामुळे हा खेळ आठवणीतच राहू द्यावा.)

यामागचे कारण साधे आहे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर पाण्यात सुमारे १५०० मीटर. डाव्या आणि उजव्या कानात आवाज पोहोचण्याच्या वेळेतला बारीकसा फरक मोजून मेंदू दिशा ठरवतो. पाण्यात हा फरक इतका घटतो की मेंदूचे गणित चुकते. शिवाय आवाज कानाच्या पडद्याबरोबरच कवटीच्या हाडांतूनही आत शिरतो. आवाज बाहेर नसून आपणच आवाजाच्या आत आहोत असे वाटू लागते. ध्रुवीय समुद्राचे ध्वनिकलावंत श्रोत्याला हाच अनुभव देऊ पाहतात.

ही ध्वनिकला म्हणजे नेमके काय?

यात गाणे नसते आणि वाद्येही बहुधा नसतात. दालनात अंधार किंवा अगदी मंद उजेड असतो आणि भिंतींवर, छताला, कधी जमिनीलगतही स्पीकर लावलेले असतात. प्रत्येक स्पीकरमधून वेगळा आवाज येतो, त्यामुळे एखादा सील डोक्यावरून पोहत गेल्यासारखा वाटतो आणि बर्फाचा तडा पाठीमागून समोर धावत येतो. पाहायला काहीच नसते, लोक खाली बसतात किंवा चक्क आडवे होतात.

या क्षेत्रातले आजचे सर्वांत ठळक नाव नॉर्वेच्या याना विंडेरेन यांचे. त्यांनी कलाशिक्षण लंडनमध्ये घेतले असले, तरी त्याआधी ऑस्लोत गणित, रसायनशास्त्र आणि मत्स्यपरिसंस्था यांचा अभ्यास केला होता. हिमनद्यांच्या भेगा, फ्योर्ड म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खोल खाड्या आणि खुला समुद्र येथे टिपलेल्या आवाजांवर बेतलेली त्यांची ‘एनर्जी फील्ड’ ही कलाकृती २०१० मध्ये आली. पुढच्याच वर्षी तिला ऑस्ट्रियातील ‘प्री आर्स इलेक्ट्रॉनिका’चा ‘गोल्डन निका’ हा या क्षेत्रातील मानाचा पुरस्कार मिळाला. फ्रान्सचे मिशेल रेडोल्फी तर १९८१ पासून श्रोत्यांनाच पाण्यात उतरवून मैफली करत आले आहेत.

काळोखात नुसते ऐकायचे, ही कल्पना आपल्याकडच्या वाचकाला फार परकी वाटू नये. या गावाचे नाव भारतभर पोहोचवले तेही कानाच्याच जोरावर जगलेल्या माणसाने. गाडगीळ घराणे मूळचे पलूसचे म्हणून पलुस्कर झाले. त्या घराण्यात १८७२ मध्ये कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णूबुवांची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघाताने अधू झाली. त्यांनी मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय उभे केले.

पाण्याखालचा आवाज टिपतात कसा?

किर्लोस्करवाडीच्या आसपासच्या कुठल्याही जुन्या मिस्त्रीला हे समजावून सांगावे लागणार नाही. पंपाचे बेअरिंग गेले आहे का हे पाहायला तो स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. आवाज हवेतून येण्याची वाट न पाहता तो धातूतूनच थेट ऐकतो. ‘हायड्रोफोन’ म्हणजे पाण्याचा मायक्रोफोन हेच काम पाण्यात करतो. त्यात विशिष्ट सिरॅमिकचा तुकडा असतो. त्यावर दाब पडला की वीज निर्माण होते. आवाज म्हणजे दाबाच्या लाटाच असल्याने, लाट जशी येईल तशी वीज कमीजास्त होते आणि केबलमधून वर ध्वनिमुद्रकात नोंदली जाते. हवेतला मायक्रोफोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पाण्यात सोडला तर हे जमत नाही, कारण हवा आणि पाणी यांच्या सीमेवरच बहुतेक आवाज परत फिरतो.

पाण्यात आवाज सोडून ऐकण्याच्या तंत्राला बर्फानेच चालना दिली. १९१२ मध्ये हिमनगावर आदळून टायटॅनिक बुडाली. त्यानंतर दोनच वर्षांनी रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून सुमारे दोन मैलांवरचा हिमनग ओळखून दाखवला. नंतर ही विद्या पाणबुड्यांच्या शोधासाठी युद्धात वापरली गेली आणि कलावंतांच्या हाती बऱ्याच उशिरा आली.

अंटार्क्टिकात जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेने २००५च्या अखेरीस ‘पालाओआ’ नावाचे श्रवणकेंद्र सुरू केले. समुद्रावर तरंगणाऱ्या शंभरेक मीटर जाड बर्फाला गरम पाण्याने भोके पाडून खाली हायड्रोफोन सोडले गेले आणि तिथला आवाज थेट इंटरनेटवर ऐकू येऊ लागला. हेतू शास्त्रीय होता, पण घरबसल्या दक्षिण ध्रुवाजवळचा समुद्र ऐकायला मिळतो म्हणून कलावंत आणि हौशी श्रोतेही तिकडे वळले.

कधी यंत्रही लागत नाही. वर्नर हर्झोग यांच्या २००७च्या अंटार्क्टिकावरील माहितीपटात तीन माणसे गोठलेल्या समुद्रावर आडवी पडून कान बर्फाला लावतात आणि खालून सीलचे आवाज येतात. माहितीपटातले सीलचे हे आवाज डग्लस क्विन यांनी टिपलेले आहेत.

बर्फाखाली एवढे बोलते तरी कोण?

एक तर प्राणी. अंटार्क्टिकातल्या वेडेल सीलचे आवाज ऐकून पहिल्यांदा कुणालाही वाटते की हे जुन्या विज्ञानपटातल्या अंतराळयानाचे आवाज आहेत. शिट्ट्या, किलबिल आणि वरून खाली घसरत जाणारे स्वर असा सगळा मामला असतो. त्यांचा बराच भाग आपल्याला ऐकूच येत नाही. अमेरिकेच्या मॅकमर्डो तळाजवळ पाण्याखाली बसवलेल्या यंत्रणेतून हे सील माणसाच्या श्रवणमर्यादेपलीकडे नऊ प्रकारचे आवाज काढतात असे दिसले. ते निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. उत्तरेकडच्या दाढीवाल्या सीलचा नर विणीच्या काळात लांबलचक, गिरक्या घेत उतरणारी तान घेतो. मींड ऐकायची सवय असलेल्या कानाला ती लगेच ओळखीची वाटेल.

बोहेड देवमाशाची गोष्ट आणखी विलक्षण आहे. हा उत्तर ध्रुवाजवळच राहणारा, दोनशे वर्षांपर्यंत जगू शकणारा प्राणी. स्वालबार्ड बेटांच्या परिसरातले बोहेड सतराव्या शतकापासून झालेल्या शिकारीत जवळजवळ संपले होते. ग्रीनलँड आणि स्वालबार्ड यांच्यामधल्या सामुद्रधुनीत केट स्टॅफर्ड आणि सहकाऱ्यांनी ठेवलेल्या हायड्रोफोनने तीन वर्षांच्या नोंदींत बोहेडची १८४ वेगवेगळी गाणी टिपली. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. हंपबॅक जातीच्या देवमाशांत एका भागातले सगळे नर एका हंगामात साधारण एकच गाणे गातात, एकच बंदिश सगळ्या शागिर्दांनी घोटावी तसे. बोहेडचे तसे नाही. त्यांची गाणी एका वर्षी ऐकू येतात आणि पुढच्या वर्षी गायब होतात. ध्रुवीय रात्रीच्या मिट्ट काळोखात, जाड बर्फाखाली हा प्राणी सतत नवे काही का गातो, याचे पक्के उत्तर अजून मिळालेले नाही.

दुसरा गवई म्हणजे खुद्द बर्फ. तो ताणला जातो, घासतो, तडकतो. १९९७ मध्ये अमेरिकेच्या सागर व हवामान संस्थेच्या प्रशांत महासागरातील हायड्रोफोनवर एक प्रचंड आवाज नोंदला गेला. हजारो किलोमीटर अंतरावरच्या यंत्रांनी तो ऐकला. ‘ब्लूप’ असे त्याचे नाव पडले आणि कुणा अज्ञात महाकाय जलचराच्या कथा रंगल्या. तो हिमनग तडकण्याचा आवाज असल्याचे पुढे उलगडले, तरी यूट्यूबवर तो राक्षस अजून जिवंत आहे. तिथे ऐकू येणारा ‘ब्लूप’ मूळ आवाजाच्या सोळापट वेगाने वाजवलेला असतो, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

हे आवाज इतके दूर जातात याला ध्रुवीय पाण्याचा गुणधर्म कारणीभूत आहे. उष्ण प्रदेशातल्या समुद्रात आवाजाचा ‘महामार्ग’ शेकडो मीटर खोल असतो. ध्रुवाजवळ सर्वांत थंड पाणी पृष्ठभागालाच असल्याने आवाज वरच्या बाजूला वळतो, बर्फाच्या तळावर आपटतो, पुन्हा खाली जातो आणि पुन्हा वर येतो. खर्जातले आवाज असे उड्या मारत फार लांबवर पोहोचतात, तर बारीक आवाज खडबडीत बर्फावर विखुरतात.

मग यात काळजीचे काय?

हिमनदी म्हणजे शेकडो वर्षे साचून दाबले गेलेले हिम. त्यात त्या त्या काळची हवा बुडबुड्यांच्या रूपाने कोंडलेली असते. हिमनदी समुद्राला भिडते तिथे बर्फ वितळतो आणि दाबाखालचे हे बुडबुडे पाण्यात फुटतात. एकेक बुडबुडा इवलासा, पण लाखोंनी फुटले की सोड्याच्या हजारो बाटल्या एकदम उघडल्यासारखी चरचर होते. एरिन पेटिट आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की अलास्कासारख्या ठिकाणच्या हिमनदीच्या खाड्या या जगातल्या सर्वांत गोंगाटाच्या नैसर्गिक सागरी जागांपैकी आहेत. सील तिथे आसरा घेतात. या गोंगाटात शिकारी देवमाशांना त्यांचा माग लागत नसावा, असा एक तर्क आहे.

खरी मेख पुढे आहे. वितळणे वाढले की आवाजही वाढतो, पण कायमचा नाही. हिमनदी मागे हटत हटत समुद्र सोडून जमिनीवर गेली की बुडबुडे पाण्यात फुटायचे थांबतात आणि खाडी गप्प होते. म्हणजे या कलाकृतींत आज ऐकू येणारी काही ठिकाणची चरचर उद्या तिथे नसेल. अमेरिकेतील ग्रँट डीन, पोलंडचे ऑस्कर ग्लोवात्स्की आणि सिंगापूरमधील हरी विष्णू यांसारखे संशोधक या आवाजावरूनच हिमनदी किती वेगाने वितळते हे मोजता येईल का, याच्या मागे आहेत. कोसळत्या बर्फाच्या कड्याजवळ बोट नेणे जिवावरचे असते. दूर ठेवलेला हायड्रोफोन मात्र वर्षभर ऐकत राहतो.

दुसरी अडचण माणसाच्या आवाजाची. फ्योर्ड गोंगाटाचे असले, तरी अखंड बर्फाने झाकलेला समुद्र वारा शांत असताना अतिशय नीरव असतो. वर लाटाच नसतात, तर आवाज कुठला? अशा शांततेत जगलेल्या प्राण्यांना जहाजाच्या पंख्याची घरघर फार लांबून जाणवते. बर्फ कमी झाल्याने आर्क्टिकमधून जहाजे वाढली आहेत. आर्क्टिक परिषदेच्या सागरी कार्यगटाच्या अहवालानुसार २०१३ ते २०१९ या सहाच वर्षांत तिथल्या काही भागांत जहाजांचा पाण्याखालचा आवाज दुप्पट झाला. जहाजे कमी वेगाने चालवली तर तो बराच कमी होतो. त्यासाठी नवा शोध लागत नाही, वेळापत्रक सैल करावे लागते.

विंडेरेन यांची ‘स्प्रिंग ब्लूम इन द मार्जिनल आइस झोन’ ही कलाकृती नेमकी या ओढाताणीच्या जागेवर उभी आहे. तिचा विषय बॅरेंट्स समुद्रातली हिमसीमा, म्हणजे वसंतात जिथे बर्फ संपून पाणी सुरू होते तो पट्टा. ऊन पडताच तिथे सूक्ष्म शैवालांचा बहर येतो आणि त्यावर क्रिल, मासे, सील, देवमासे असे सगळे जगते. ही हिमसीमा नकाशावर कुठे आखायची यावर नॉर्वेच्या संसदेत २०२० मध्ये वाद रंगला, कारण तेलकंपन्यांना किती उत्तरेकडे जाता येईल हे त्या रेषेवर ठरणार होते. ती रेष डोळ्यांना दिसत नाही आणि दरवर्षी हलते. तिथे काय काय राहते हे ऐकवणे हा त्या वादातला एक पुरावाच होता, असे म्हणायला हरकत नाही.

भारताचा, आणि आपल्या भागाचा, याच्याशी संबंध काय?

वाटतो त्यापेक्षा जवळचा. स्वालबार्डमध्ये न्यू-ऑलेसुंड येथे २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र आहे. त्याचा कारभार गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र पाहते. जवळच्याच कोंग्सफ्योर्डेनमध्ये जुलै २०१४ मध्ये ‘इंडआर्क’ ही भारताची पाण्याखालची वेधशाळा सुमारे १९२ मीटर खोलीवर बसवली गेली. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याच परिसरात पाण्याखालचा आवाज नोंदवून त्यातून हिमखंड तडकण्याच्या घटना वेगळ्या ओळखल्या.

गोव्याच्या किनाऱ्याजवळ टिपलेल्या आवाजांत हंपबॅक देवमाशाचे गाणेही सापडले आहे. इतर समुद्रांतले हंपबॅक दरवर्षी ध्रुवांकडे खाण्यासाठी जातात. अरबी समुद्रातले मात्र स्थलांतर न करता इथेच राहतात आणि संख्येने फार थोडे उरले आहेत.

आता औंध संस्थानाकडे येऊ. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जागा दिली ती औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी. आजच्या पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी तिथून उभी राहिली. त्याच भवानरावांच्या नात अदिती पंत. समुद्री शैवालांच्या अभ्यासक आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ असलेल्या पंत १९८३च्या डिसेंबरात तिसऱ्या मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला निघाल्या. भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि त्या, या अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला. विंडेरेन यांच्या कलाकृतीच्या मुळाशी असलेला शैवालांचा बहर म्हणजे पंत यांच्याच अभ्यासाचा प्रांत.

कलेच्या बाजूने भारतीय नाव घ्यायचे तर हिमाली सिंग सोइन यांचे. आर्क्टिक आणि अंटार्क्टिकाच्या प्रवासांतून त्यांनी ‘वी आर ऑपोझिट लाइक दॅट’ ही मालिका घडवली, त्यात बर्फच बोलतो. २०१९ मध्ये त्यांना लंडनचा ‘फ्रीझ’ कलापुरस्कार मिळाला. त्यांचा भर मात्र पाण्याखालच्या ध्वनिमुद्रणापेक्षा शब्द, चित्रपट आणि संगीत यांवर आहे.

हे आवाज खरे की सजवलेले?

दोन्ही, आणि यात लपवण्यासारखे काही नाही. वेडेल सीलचे अतिबारीक आवाज ऐकवायचे तर ते खाली उतरवावे लागतात. फिन देवमाशाचा खर्ज सेकंदाला अवघ्या २० कंपनांच्या आसपास असतो, तो वर चढवावा लागतो. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या खाड्यांत टिपलेले आवाज एकत्र गुंफले जातात. छायाचित्रकार काळ्या-पांढऱ्यात फोटो काढतो म्हणून आपण त्याला खोटारडा म्हणत नाही. अडचण तेव्हा येते, जेव्हा काय केले हे सांगितले जात नाही. ‘ब्लूप’चा राक्षस असाच जन्माला आला. विंडेरेन किंवा क्विन यांच्यासारखे लोक आवाज कुठे आणि कसा टिपला हे नोंदवतात, म्हणून त्यांच्या मुद्रणांकडे शास्त्रज्ञही आदराने पाहतात. उलट, दोन देवमाशांच्या आवाजाखाली सिंथेसायझरची धून चिकटवून ‘ध्रुवीय ध्यान’ म्हणून खपवली जाणारी ध्वनिफीत निराळी. तिने झोप लागत असेल तर जरूर ऐकावी, समुद्र ऐकला असे मात्र समजू नये.

आणखी एक आक्षेप घेतला जातो. बर्फ वाचवा सांगायला कलावंत विमानाने नि जहाजाने बर्फापर्यंत जातात, हे कसे? आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच शास्त्रज्ञांनी आधीच टिपलेले आवाज कलावंतांना देण्याची वाट खुली होत आहे. २०२३ मध्ये आल्फ्रेड वेगेनर संस्था, जर्मनीतीलच सागरी जैवविविधता संस्था ‘एचआयएफएमबी’ आणि ‘सिटीज अँड मेमरी’ हा ध्वनिप्रकल्प यांनी ‘पोलर साउंड्स’ नावाने असा संग्रह खुला केला. ध्रुवांवरचे मूळ आवाज आणि जगभरच्या कलावंतांनी त्यांवर केलेल्या रचना त्यात शेजारी शेजारी ऐकता येतात. मूळ काय आणि घडवलेले काय, हे श्रोता स्वतः ताडून पाहू शकतो.

पलूसमध्ये बसून फोनवर ऐकता येईल का?

येईल, पण फोनच्या स्पीकरवर नाही. एवढ्याशा स्पीकरला खर्ज पेलत नाही. हिमनगाची गडगड त्यातून पत्र्यावर वाळू पडल्यासारखी येते आणि देवमाशाचा खालचा स्वर येतच नाही. साधे पण कानात घट्ट बसणारे इअरफोन हवेत. आवाज सुरुवातीला कमी ठेवा, कारण बर्फाचा तडा न सांगता येतो. आधी ‘पोलर साउंड्स’मधला एखाद्या सीलचा मूळ आवाज ऐका, मग त्यावरची रचना. विंडेरेन यांची ‘स्प्रिंग ब्लूम’ त्यानंतर, शक्यतो रात्री, शेजारची मोटर बंद झाल्यावर. इअरफोनची डावी-उजवी बाजू मात्र तपासून घ्या, नाहीतर डावीकडचा सील उजव्या कानात शिरेल.